जगातले प्रसिद्ध पूल बघायला जाताय? नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

पुलांबद्दल जे प्रश्न लोक परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तर तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, म्हणजे तेच तेच वाचायला नको.

१. पूल बघायला मुद्दाम जावं इतकं काय असतं त्यात? ओलांडला की झालं ना?

पुलाचं असं आहे की तुम्ही त्याच्यावर उभे असता तेव्हा तो तुम्हाला दिसतच नाही, दिसते ती नदी आणि समोरचं शहर. बरेच जण पूल ओलांडतात, एक सेल्फी काढतात आणि निघतात, आणि मग घरी येऊन फोटो बघताना कळतं की पूल कुठेच आलेला नाही. म्हणून माझा सरळ नियम आहे, प्रत्येक पूल दोनदा बघायचा. एकदा वरून चालत, आणि एकदा लांबून, म्हणजे काठावरून, बोटीतून, शेजारच्या दुसऱ्या पुलावरून किंवा अगदी खाली उभं राहून. खालून बघताना कळतं की एवढं वजन नक्की कुठे टेकलंय, आणि ते एकदा कळलं ना की तो पूल कायमचा लक्षात राहतो. पुढची बहुतेक उत्तरं याच नियमावर आहेत.

२. पहिल्यांदाच जातोय, सुरुवात कुठल्या पुलांपासून करू?

जे शहराच्या मधोमध आहेत आणि ज्यांच्यावर चालायला तिकीट लागत नाही त्यांच्यापासून. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन ब्रिज, लंडनचा टॉवर ब्रिज, प्रागचा चार्ल्स ब्रिज, सिडनीचा हार्बर ब्रिज, फ्लॉरेन्सचा पोंते वेक्यो. यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा लागत नाही, शहर फिरता फिरता होतात.

यातला पोंते वेक्यो बघून लोक जरा गोंधळतात कारण वर गेलं की पूल वाटतच नाही, दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं आणि मधून गल्ली. हा पूल १३४५ चा. आधी इथे खाटकांची दुकानं होती, १५९३ मध्ये ड्यूक फर्दिनांदोने त्यांना हलवून सोनारांना जागा दिली. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फ्लॉरेन्सचे बाकीचे पूल उडवले, हा एकटा ठेवला. बघायचा मात्र शेजारच्या पुलावरून, संध्याकाळच्या उन्हात, तेव्हा ती पिवळी दुकानं पाण्यावर लटकल्यासारखी दिसतात.

३. ब्रुकलिन ब्रिज कुठल्या बाजूने चालत जायचा?

ब्रुकलिनकडून मॅनहॅटनकडे. मग सगळ्या उंच इमारती समोर राहतात, उलट गेलात तर दर दोन मिनिटांनी मागे वळून बघावं लागतं. अंतर साधारण १.८ किलोमीटर, रमतगमत ४५ मिनिटं ते तास. चालायची वाट गाड्यांच्या वर, मधोमध आहे. सायकलींना २०२१ पासून खाली रस्त्यावर वेगळी लेन दिली, त्यामुळे आता वर निवांत चालता येतं, पण सकाळी लवकरच जा.

आणि चालताना ही गोष्ट डोक्यात असू द्या. पुलाचा आराखडा जॉन रोबलिंगचा. १८६९ मध्ये जागेची पाहणी करताना त्यांचा पाय बोट आणि धक्क्याच्या मध्ये चिरडला आणि धनुर्वाताने ते गेले, काम सुरूही झालं नव्हतं. मुलगा वॉशिंग्टनने जबाबदारी घेतली, तर नदीच्या तळाशी पाया खणायला बसवलेल्या, दाबाखालची हवा भरलेल्या पेट्यांमध्ये काम करून करून तो आजारी पडला आणि घरातून बाहेर पडणं अवघड झालं. मग त्याची बायको एमिली रोज साईटवर जायची, निरोप न्यायची, इंजिनियरांशी बोलायची, गणित शिकली, आणि असं करत करत १८८३ मध्ये पूल पूर्ण झाला. तिच्या नावाची पाटी पुलाच्या टॉवरवर आहे, ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक खुलासा, कारण हे दर वेळी विचारलं जातं. ब्रुकलिनमधल्या डंबो या भागात लाल विटांच्या इमारतींच्या मधून जो निळसर पूल दिसतो तो सगळ्यांचा आवडता फोटो ब्रुकलिन ब्रिजचा नाहीये, तो शेजारचा मॅनहॅटन ब्रिज आहे.

४. लंडन ब्रिज आणि टॉवर ब्रिज एकच ना?

नाही. दोन मनोऱ्यांचा, मधून उघडणारा, फोटोत असतो तो टॉवर ब्रिज, १८९४ चा. लंडन ब्रिज त्याच्या शेजारी, साधा काँक्रीटचा, १९७३ पासूनचा, त्याच्यावरून टॉवर ब्रिज छान दिसतो हाच त्याचा मोठा उपयोग. त्याच्या आधीचा १८३१ चा दगडी लंडन ब्रिज कुठे गेला ते प्रश्न १२ मध्ये वाचा, मजेशीर आहे.

५. टॉवर ब्रिज उघडताना बघायचाय, वेळ कशी कळणार?

पुलाच्या वेबसाईटवर वेळापत्रक असतं, जायच्या आदल्या दिवशी परत एकदा बघा. वर्षाला साधारण ८०० वेळा उघडतो, पण काही दिवशी एकदाही नाही आणि काही दिवशी चार-पाच वेळा. २४ तास आधी कळवलं की उंच डोलकाठीच्या बोटीसाठी पूल फुकटात उघडून देतात. पाण्यातल्या वाहतुकीला पहिला मान, रस्त्यावरच्यांनी थांबायचं, हा नियम सुरुवातीपासूनचा.

उघडताना पुलावरच फाटकाजवळ थांबलात तर रस्ता तुमच्यासमोर उभा होताना दिसतो, आणि दक्षिण काठावरून बघितलात तर दोन्ही पाती आणि खालून जाणारी बोट एकत्र दिसते. एकदाच बघायचं असेल तर काठावरून. वरच्या पादचारी मार्गाला तिकीट आहे, पाण्यापासून ४२ मीटर उंचीवर, २०१४ पासून तिथे काचेची जमीन आहे. पूल उघडायच्या वेळेला त्या काचेवर असलात तर तो अनुभव वेगळाच.

६. गोल्डन गेटला गेलो आणि धुक्यात काही म्हणजे काही दिसलं नाही. कधी जायला हवं होतं?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. सगळे उन्हाळ्याच्या सुट्टीत जातात आणि नेमकं जून ते ऑगस्ट तिथे धुकं सगळ्यात जास्त. तेव्हाच जावं लागत असेल तर दुपारची वेळ धरा, बऱ्याचदा तोवर धुकं विरतं. अर्ध्या धुक्यातून फक्त लाल टॉवरची टोकं वर आलेली दिसणं हे मात्र स्वच्छ दिवसापेक्षाही सुंदर असतं, त्यासाठी उत्तरेकडच्या डोंगरावर, बॅटरी स्पेन्सरला चढायचं. खालून बघायचा तर दक्षिण टोकाला फोर्ट पॉइंट, तिथे जुना किल्ला तसाच ठेवून त्याच्यावरून वेगळी कमान काढून पूल नेलाय.

पूल १९३७ चा, मधला गाळा (म्हणजे दोन टॉवरमधलं अंतर) १,२८० मीटर, १९६४ पर्यंत जगात सगळ्यात लांब. नौदलाला काळे-पिवळे पट्टे हवे होते, पण पोलादावर आधी लावलेला तांबडा प्रायमर बघून आर्किटेक्ट आयर्विंग मॉरोला तोच रंग पटला म्हणून आजचा नारिंगी आहे. पायी चालायला पूर्वेचा, म्हणजे शहराच्या बाजूचा फुटपाथ, पैसे लागत नाहीत, पण रात्री पादचाऱ्यांसाठी बंद असतो. आणि जॅकेट न्या, वर वारा फार असतो.

७. सगळे प्रसिद्ध पूल चालत ओलांडता येतात का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त लोकांची निराशा होते. तिकडे पोचून कळतं की फुटपाथच नाही. नेहमी विचारले जाणारे सांगते.

फ्रान्सचा मियो व्हायाडक्ट फक्त गाड्यांसाठी. तो वरून ओलांडण्यात तसंही फार काही नाही, वाऱ्यासाठी लावलेल्या पडद्यांमधून थोडंसं दिसतं आणि दोन मिनिटांत संपतो. खरा मियो खालून, तार्न नदीच्या दरीतून बघायचा. वर हायवेच्या थांब्यावरही बघायला जागा केली आहे, तिथून पण छान.

जपानचा आकाशी कैक्यो पण गाड्यांचाच, पण कोबेच्या बाजूला माइको इथे पुलाच्या पोटात, समुद्रापासून ४७ मीटरवर फिरायची जागा आहे. आधी बुकिंग करून टॉवरवर नेणारी टूरही असते. या पुलाचं बांधकाम चालू असताना जानेवारी १९९५ चा कोबेचा भूकंप झाला आणि दोन टॉवरमधलं अंतर जवळपास १ मीटरने वाढलं, मग डिझाइन त्याप्रमाणे बदलून १९९८ मध्ये पूल उघडला.

इस्तंबूलचा १९७३ चा बॉस्फरस पूल रोज पायी बंद, वर्षातून एकदा मॅरेथॉनच्या दिवशी त्याच्यावरून धावता-चालता येतं, एका खंडातून दुसऱ्या खंडात. नाहीतर फेरीत बसून त्याच्या खालून जा. डेन्मार्क-स्वीडनमधला ओरेसुंद ट्रेनने, त्याचं प्रश्न १५ मध्ये आहे.

आणि स्कॉटलंडचा फोर्थ ब्रिज, माझा सगळ्यात आवडता. १८९० चा, लाल पोलादाचा, फक्त रेल्वेचा. शेजारीच १९६४ चा फोर्थ रोड ब्रिज आहे त्याच्यावर फुटपाथ आहे, तिथून चालत गेलं की अख्खा रेल्वे पूल बाजूने दिसत राहतो. एडिनबरोहून ट्रेनने पूल ओलांडून नॉर्थ क्वीन्सफेरीला उतरायचं, खाली जाऊन बघायचं आणि रोड ब्रिजवरून चालत दक्षिणेला यायचं. अर्ध्या दिवसात त्याच्यावरून, खालून आणि बाजूने, तिन्ही होतं. नियमच पूर्ण.

८. सिडनीला पूल चढायची टूर घेऊ की नुसतं चालू?

पाय आणि खिसा दोन्ही तयार असतील तर चढा. १९९८ पासून ही टूर आहे, कमानीच्या माथ्यावर, पाण्यापासून १३४ मीटर. स्वतःचा फोन-कॅमेरा नेऊ देत नाहीत, खाली काही पडू नये म्हणून, त्यामुळे फोटोसाठीच जात असाल तर विचार करा. नुसत्या फोटोसाठी आग्नेयेच्या दगडी खांबावरचं लुकआउट पुरतं, साधारण २०० पायऱ्या, कॅमेरा आपला. आणि पूर्वेच्या फुटपाथवरून चालणं फुकट, ऑपेरा हाउस त्याच बाजूला दिसतं. पूल सगळ्यात छान दिसतो तो सर्क्युलर कीहून सुटणाऱ्या फेरीतून.

ही १९३२ ची कमान ऊन-थंडीने प्रसरण पावून वरखाली होते, १८ सेंटीमीटरपर्यंत. चढताना अर्थात काही जाणवत नाही.

९. मधोमध गेल्यावर पूल हलत होता, हे धोक्याचं आहे का?

झुलता पूल हलायलाच हवा. लांब केबलवर टांगलेलं काही ताठ ठेवायला गेलं तर ते तुटेल. गोल्डन गेटचा मधला भाग जोरदार वाऱ्यात सुमारे ८ मीटर बाजूला सरकू शकेल असाच बनवलाय. १९८७ मध्ये त्याच्या ५० व्या वाढदिवसाला जवळपास ३ लाख लोक एकाच वेळी वर आले तेव्हा मधला बाक अक्षरशः सपाट झाला होता, पण पुलाला काही झालं नाही.

नको तसं हलणं वेगळं. १९४० मध्ये अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल उघडल्यावर चार महिन्यांत वाऱ्यात पीळ बसून पडला, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पुलाची वाऱ्याची चाचणी होते. लंडनचा मिलेनियम ब्रिज जून २००० मध्ये उघडला आणि लोकांच्या पावलांच्या ठेक्याने डुलायला लागला म्हणून दोन दिवसांत बंद केला, धक्के शोषणारी यंत्रणा बसवून २००२ मध्ये परत उघडला. आता चालाल तर कळणारही नाही.

१०. उंचीची भीती वाटते, तरी पूल बघायचेत. काय करू?

दगडी पूल निवडा. चार्ल्स ब्रिज, पोंते वेक्यो, व्हेनिसचा रियाल्तो, इराणमधल्या इस्फहानचा ३३ कमानींचा सी-ओ-से-पोल, सगळे रुंद, जाड कठड्याचे आणि पाण्यापासून फार उंच नाहीत. ब्रुकलिन ब्रिजवर वाटेत लाकडी फळ्यांच्या फटीतून खाली दिसतं, तेवढं फक्त मनाची तयारी करून जा.

काचेचे पूल टाळा, कोणी कितीही आग्रह केला तरी. चीनमधला झांगजियाजेचा काचेचा पूल दरीच्या तळापासून ३०० मीटर उंच आहे आणि एकदा मध्ये पोचलात की मागे पण तेवढंच अंतर. (भीती नसणाऱ्यांसाठी, २०१६ मध्ये तो उघडून १३ दिवसांत गर्दीमुळे बंद करावा लागला होता, तेव्हा वेळ आधी बुक करून जा.) व्हिएतनाममधल्या बा ना हिल्सचा, दोन प्रचंड हातांनी धरलेला गोल्डन ब्रिज दिसतो भीतीदायक पण चालायला सोपा आहे. ते हात दगडाचे नाहीत, फायबरग्लास आणि जाळीचे आहेत.

११. जगातला सगळ्यात मोठा पूल कुठला? तोच बघून येतो.

कशाने मोजताय त्यावर आहे. सलग लांबी धरली तर चीनचा दानयांग-कुनशान, जवळपास १६५ किलोमीटर, पण तो हाय-स्पीड रेल्वेचा उन्नत मार्ग आहे, ट्रेनमध्ये बसून शेतंच दिसतात. मधला गाळा धरला तर तुर्कीचा '१९१५ चनक्कले' नावाचा पूल, मुद्दाम २,०२३ मीटर, कारण २०२३ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाला शंभर वर्षं झाली. रस्ता दरीपासून किती उंच हे धरलं तर चीनच्या ग्वेजोऊमधला ह्वाजियांग, नदीपासून ६२५ मीटर, सप्टेंबर २०२५ मध्ये उघडला. मियोचा आकडा ३४३ मीटर म्हणून देतात तो पायापासून खांबाच्या टोकापर्यंतचा, म्हणजे आयफेल टॉवरपेक्षा उंच, पण रस्ता बराच खाली आहे. रेल्वेचा सगळ्यात उंच कमानीचा पूल जम्मू-काश्मीरचा चिनाब, नदीपासून ३५९ मीटर, जून २०२५ पासून त्याच्यावरून गाड्या जातात.

माझं विचाराल तर विक्रमामागे जाऊ नका. विक्रम दर दोन-चार वर्षांनी मोडतो. १७७९ मध्ये उभा राहिलेला इंग्लंडमधला आयर्न ब्रिज फक्त ३० मीटरचा आहे, पण ओतीव लोखंडाचा तो जगातला पहिला मोठा पूल, आणि त्याचे सांधे सुतारकामासारखे, खुंट्या-पाचरींनी जोडलेले आहेत कारण असा ओतीव लोखंडाचा मोठा पूल आधी कोणी बांधलाच नव्हता. ते सांधे हाताने चाचपून बघता येतात.

१२. हे जुने पूल खरंच जुने असतात का? की परत बांधलेले?

दोन्ही. आणि परत बांधलेला म्हणजे खोटा असं मला अजिबात वाटत नाही.

बोस्नियातल्या मोस्तारचा स्तारी मोस्त १५६६ चा, ओटोमन काळातला. नोव्हेंबर १९९३ मध्ये युद्धात तोफांच्या माऱ्याने तो नदीत पडला. मग तोच स्थानिक दगड, जुन्याच पद्धतीने घडवून, २००४ मध्ये परत उभा केला आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या यादीत आला. जवळ '९३ विसरू नका' असं कोरलेला दगड आहे. हा पूल बघताना दगड नवा की जुना हे कोणी विचारत नाही.

स्वित्झर्लंडच्या लुसर्नचा लाकडी कपेलब्रुके त्याच वर्षी, ऑगस्ट १९९३ मध्ये जळाला, आतली बहुतेक जुनी चित्रं गेली, पूल पुढच्या वर्षी उघडला. छताखाली नीट बघा, जळलेली लाकडं आणि नवी लाकडं शेजारी शेजारी दिसतात.

लंडनचा १८३१ चा लंडन ब्रिज १९६८ मध्ये एका अमेरिकन उद्योजकाला विकला, दगडांवर नंबर टाकून ॲरिझोनाच्या लेक हवासू सिटीला नेला आणि १९७१ मध्ये तिथे उभा केला. दगड खरे, आतला सांगाडा काँक्रीटचा.

आणि पेरूमधला केस्वाचाका तर दर वर्षी नवा असतो. गवताच्या दोऱ्या वळून बांधलेला इंका पद्धतीचा पूल, दर जूनमध्ये आसपासच्या गावातली माणसं एकत्र येऊन जुना सोडून देतात आणि तीन-चार दिवसांत नवा विणतात. पाचशेहून जास्त वर्षं असं चाललंय. पूल वर्षाचा, पण हातातली कला शेकडो वर्षांची, मग त्याला जुना म्हणायचं की नवा ते तुम्हीच ठरवा.

परत न बांधलेलं खरंखुरं जुनं हवं असेल तर फ्रान्सचा पाँ द्यु गार. रोमन, पहिल्या शतकातला, ४९ मीटर उंच, तीन मजली कमानी, नीम शहराला पाणी न्यायला. खालच्या मजल्यांचे दगड बिनचुन्याचे, एकमेकांच्या वजनावर उभे. डागडुजी त्याचीही झालीच आहे, पण ढाचा तोच.

१३. मोस्तारला पुलावरून नदीत उडी मारतात, मलाही मारता येईल का?

मनात आलं म्हणून, अजिबात नाही. उंची वीसेक मीटरच्या वर आणि नेरेत्वाचं पाणी भर उन्हाळ्यातही गार, नुसत्या गारठ्याने अंग आखडतं. तिथे उडी मारणाऱ्यांचा क्लब आहे, ते पैसे घेऊन आधी खालच्या फलाटावरून सराव करून घेतात आणि तयार वाटलात तरच वर नेतात. नाहीतर काठावर उतरून बघा, पुरेसे पैसे जमले की त्यांच्यातला एखादा मारतोच.

१४. मेघालयातले मुळांचे पूल बघायला किती त्रास आहे?

उतरताना कमी, चढताना भरपूर. नोंगरियाटच्या दुमजली पुलासाठी तिर्ना गावापासून ३,००० च्या वर पायऱ्या उतरायच्या आणि त्याच परत चढायच्या. गुडघे दुखत असतील तर रस्त्याजवळचा मावलिन्नोंगजवळ रिवाईचा एकमजली पूल बघा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या, पण हिरवंगार तेव्हाच.

खासी आणि जैंतिया लोक रबराच्या झाडाची मुळं सुपारीच्या पोकळ खोडातून ओढ्यापलीकडे नेतात आणि वर्षानुवर्षं वळवत राहतात. पूल वापरण्याजोगा व्हायला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात, म्हणजे जो लावतो तो बऱ्याचदा पुढच्या पिढीसाठीच लावतो. आणि झाड जगतंय तोवर हा पूल मजबूतच होत जातो. एका वेळी फार जण वर जाऊ नका, आणि मुळांवर नावं कोरू नका, ते जिवंत झाड आहे.

१५. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या पुलांना पासपोर्ट लागतो का?

जवळ ठेवाच. कोपनहेगनहून माल्मोला ट्रेनने ओरेसुंद ओलांडताना पासपोर्ट तपासणी होऊ शकते, हॉटेलात ठेवून निघालात तर अडचण. हा पूल २००० चा, जवळपास ८ किलोमीटर, मग डेन्मार्कच्या बाजूला एका कृत्रिम बेटावर उतरून रस्ता आणि रेल्वे समुद्राखालच्या बोगद्यात शिरतात. हे नाहीसं होणं ट्रेनमधून नाही, विमानातून दिसतं, कोपनहेगनला उतरताना खिडकीची सीट मिळाली तर बघा.

हाँगकाँग-जुहाई-मकाऊ पुलाचं जास्त किचकट आहे. बोगद्यासकट ५५ किलोमीटर, पायी बंद, शटल बसने जायचं. हाँगकाँगमधून बाहेर पडताना इमिग्रेशन आणि पलीकडे परत इमिग्रेशन. जुहाईला गेलात तर चीनचे व्हिसाचे नियम, मकाऊला गेलात तर मकाऊचे. आणि परत हाँगकाँगला यायचं असेल तर दुसऱ्यांदा प्रवेश मिळणार का हे निघायच्या आधी तपासा, नुसता पूल बघून येतो म्हणून निघालेले इथेच अडकतात.

१६. व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी घेऊन कुठले पूल जमतील?

ब्रुकलिन ब्रिजला दोन्हीकडे उतार आहे, फक्त डंबोकडचा जिना टाळून मुख्य वाटेने चढा. टॉवर ब्रिजचा फुटपाथ सपाट आणि वरच्या मार्गाला लिफ्ट. गोल्डन गेट आणि चार्ल्स ब्रिजही जमतात, प्रागला दगडी फरसबंदीमुळे थोडे धक्के बसतील. रियाल्तो म्हणजे सगळ्या पायऱ्या, आणि स्तारी मोस्तचा चढ तीव्र आणि दगड घासून गुळगुळीत, तिथे काठावरूनच बघा.

१७. चार्ल्स ब्रिजवर गर्दीशिवाय फोटो मिळतो का?

मिळतो, सूर्योदयाला. नऊनंतर विसरा. १३५७ मध्ये पाया घातलेला, ५१६ मीटरचा, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे, त्यातले बहुतेक आता प्रतिकृती आहेत आणि मूळचे संग्रहालयात. पहाटे जुन्या शहराच्या बाजूने चढा म्हणजे पहिलं ऊन समोरच्या किल्ल्यावर पडताना दिसतं, आणि मग दिवसा त्याच टोकाच्या मनोऱ्यावर जाऊन वरून गर्दी बघा.

१८. पुलाला प्रेमाचं कुलूप लावायचंय, चालेल का?

नको. पॅरिसच्या पाँ दे झारचा कठडा २०१४ मध्ये कुलुपांच्या वजनाने एका जागी कोसळला, पुढच्या वर्षी ४५ टन कुलुपं काढून तिथे काचा बसवल्या. बऱ्याच ठिकाणी आता दंड होतो आणि तुमचं कुलूप तसंही कापून टाकतात.

१९. ड्रोन उडवू का?

गोल्डन गेटवर बंदी आहे, आणि शहरातल्या बहुतेक मोठ्या पुलांवर परवानगीशिवाय चालत नाही. खाली लोक आणि गाड्या असतात म्हणून. त्यापेक्षा जवळची टेकडी, फेरी नाहीतर शेजारचा पूल शोधा, प्रश्न ७ मधल्या फोर्थसारखा. पहाटे फोर्थ रोड ब्रिजवर उभे असताना बाजूच्या लाल पुलावरून पहिली ट्रेन जाते, तेव्हा नुसता फोन पुरतो.